कापलेलं कडं

"धुवायचं नाही," तो म्हणाला. "आहे तसं मुशीत टाका. माझ्या डोळ्यांसमोर."

रुमालाची गाठ सोडून त्यानं काउंटरवर ठेवलं ते मला आधी लोखंडच वाटलं. डांबरात बुडवून काढल्यासारखं काळं, एका जागी कापलेलं, कापल्या जागी फाकवलेलं. उचललं तेव्हा हाताला कळलं. चांदी लोखंडापेक्षा जड लागते आणि थंडीत जास्त गार.

"कडं आहे?" मी विचारलं.

"वितळवा."

डिसेंबर १९८३. निलगिरीच्या डोंगरातलं एक बाजाराचं गाव, जिथं दिवसाढवळ्या धुकं दुकानाच्या दारात येऊन उभं राहायचं. आम्ही गलाईवाले. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं, एवढाच धंदा; तो घेऊन आमची विट्याकडची माणसं मुलुखभर पांगलेली. माझा नवरा संपत नणंदेची सोयरीक ठरवायला गावी गेला होता. दुकानात मी आणि मामा, म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं आगीकडे बघून मामांचे डोळे गेले होते. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्या वर्षी आमचं असं चाललं होतं की मी बघायचे आणि मामा ओळखायचे.

मी त्या दिवसाबद्दल पोलिसांना जबाब दिला. तो तमिळमध्ये लिहिला गेला, मला वाचून दाखवला गेला, मी खाली सही केली. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. ती इथं मधेमधे घालते.

*जबाब: इसम सकाळी साडेअकराच्या सुमारास दुकानात आला. इसम धिप्पाड असून त्याच्या कमरेला कोयता होता.*

खरं आहे.

*

न धुतलेला माल मुशीत जात नाही, हे त्याला मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं. मळाखाली शिसं असेल तर सगळी चांदी नासते, मग गिऱ्हाईक आमच्या नावानं बोंबलतं. आमच्याकडे ही रीतच आहे. देवाचा मुकुट आणला तरी आधी रिठ्याच्या पाण्यात जातो.

त्यानं दाराकडे बघितलं. मग उठला आणि दाराची एक फळी लोटून घेतली.

"लवकर करा," तो म्हणाला. "आणि आत बघू नका."

आत म्हणजे कशाच्या आत, मला कळेना. फळी लोटल्यावर दुकानात शेगडीचाच काय तो उजेड उरला होता. मामा पोत्यावर बसून होते. त्यांनी फक्त मान तिरकी केली, कोंबडा करतो तशी.

*जबाब: इसमाने दुकानाचे दार आतून लोटून घेतले.*

खरं आहे.

*

रिठ्याचं पाणी शेगडीच्या कडेला गरम असायचंच. कडं त्यात सोडलं, मऊ ब्रशानं घासलं. काळं हलेना. साधा घामाचा, धुराचा काळेपणा रिठ्याला लगेच सुटतो. हा चिकटून बसला होता. मग चिंचेचा कोळ आणि मीठ घेतलं. तेव्हा कुठं काळ्याचं करडं झालं, करड्याचं पांढरं.

"शालन," मामा म्हणाले, "गंधकाचा वास येतूय का गं?"

येत होता. मी हो म्हटलं आणि घासत राहिले. बिजागरीच्या खाचेत तांबूस काहीतरी वाळून बसलं होतं. ब्रश लागला तसं ते विरघळलं आणि चिंचेचं पाणी लालसर झालं. मी वाटी फडक्याखाली सरकवली. तो माणूस माझ्या हातांकडेच बघत होता.

कडं पुसून मी मामांच्या हातात दिलं. जुनी चांदी ओळखायला मामांना डोळे कधीच लागले नाहीत. अंगठ्याच्या नखानं ते छाप वाचायचे. कड्याच्या आतल्या बाजूनं नख फिरलं, थांबलं. चार बारीक छाप होते. चालणारा सिंह, जहाजाचा नांगर, एक इंग्रजी अक्षर, मग बनवणाऱ्याची दोन अक्षरं.

"विलायती," मामा म्हणाले. "सिंव्ह हाय. शंभराला साडेब्याण्णव."

नख पुढं सरकलं. कापलेल्या टोकाच्या अलीकडे, बोटभर अंतरावर, एक जुना सांधा होता. तिथं ते बराच वेळ थांबलं. मग मामा बोलले, ज्या आवाजात ते वजन सांगायचे त्याच आवाजात. "शालन, घाबरल्यागत करू नगंस. हे मिसबाईचं हाय."

*

विनी मिस. कॉन्व्हेंटमध्ये तीस वर्षं शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली, चर्चच्या वरच्या चढावर एकटी राहणारी, साडी कधीही न नेसलेली म्हातारी. आठ वर्षांपूर्वी, मी लग्न होऊन नुकती तिथं आले होते तेव्हा, ती दुकानात आली. कड्याचा आकडा सारखा निसटायचा. मामा म्हणाले, नवा आकडा करून देतो. ती म्हणाली, आकडा नको, कायमचं बंद करा, हातातच.

असं काम मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मनगटाभोवती ओल्या फडक्याच्या तीन घड्या, त्यावर अभ्रकाचा तुकडा, आणि मामांनी फुंकणीनं सुईएवढी ज्योत आकड्यावर धरून सांधा झाळला. तिनं पापणी लववली नाही. मामांनी वरून कानशीचे तीन फटके मारले. तीच त्यांची सही. हात हलवून बघितला तेव्हा ती हसली होती.

म्हणजे ते कडं तिच्या हातातून निघणार नव्हतं. मामांनीच तसं केलं होतं. हाताच्या पंज्यावरून ते सरकत नव्हतं. काढायचं तर एक तर कडं कापायला हवं, नाहीतर...

कमरेचा कोयता. लालसर पाणी. आत बघू नका.

"काय बोलताय तुम्ही?" तो माणूस म्हणाला. "तमिळमध्ये बोला."

"वजन सांगतोय सुनेला," मामांनी त्याला तमिळमध्ये सांगितलं. मग मला, मराठीत, तशाच सुरात, की हे वितळवलं तर आपण मेलो आणि नाही वितळवलं तर हा काय करील सांगता येत नाही.

मामा अतिशयोक्ती करत नव्हते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात खाली मैदानातल्या एका गावात आमच्या चुलत पाव्हण्याला चोरीची चांदी वितळवली म्हणून उचललं होतं. चोर सुटला, पाव्हणा आत राहिला. वितळलेल्या चांदीला आईबाप नसतात, पण वितळवणाऱ्याला पत्ता असतो. आम्ही परमुलखातली माणसं. आमच्या पत्त्यावर पोलीस आधी यायचे.

"सवागी संपलीय," मामा तमिळमध्ये म्हणाले. सवागी म्हणजे चांदी वितळताना टाकायचा खार. डबा भरलेला होता. "शालन, जाऊन आण."

मी उठले. तोही अर्धा उठला.

"तुम्ही जा," तो मला म्हणाला. "म्हातारा इथंच राहील."

*जबाब: इसमाने माझ्या सासऱ्यांना ओलीस ठेवले.*

त्याचे शब्द मी सांगितले ते एवढेच: म्हातारा इथंच राहील. ओलीस हा शब्द लिहिणाऱ्यानं घातला. मी काढायला सांगितला नाही.

*

बाहेर धुकं. दुकानासमोर रस्ता फुटतो. डावीकडे चर्चचा चढ, विनी मिसच्या घरापर्यंत पंधरा मिनिटं. उजवीकडे पोलीसचौकी, धावत गेलं तर दोन मिनिटं.

मी फाट्यावर उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. एक सायकलवाला घंटी वाजवत माझ्या अंगाला घासून गेला एवढं आठवतं. वर जाऊन काय दिसेल याची भीती होती. ती तिथं फरशीवर पडलेली असणार, हे मला दिसतच होतं: पांढरे केस, निळा स्वेटर, एक हात. आणि मागे मामा, आंधळे, कोयत्यासमोर.

मी उजवीकडे धावले.

दोन शिपाई आले. माझ्या पुढं धावत गेले, लाथेनं फळी उघडली. मला वाटलं होतं मामा रक्तात पडलेले दिसतील. ते शेगडीसमोर बसले होते आणि तो माणूस त्यांच्या शेजारी उकिडवा बसून भाता हलवत होता. मामांनी त्याला कामाला लावलं होतं. कोयता त्यानं कमरेतून काढून दाराशी, चपलांजवळ ठेवला होता. दोघं काहीतरी बोलत होते.

शिपायांनी त्याला केसांना धरून उठवलं. तो "अय्या, अय्या" एवढंच म्हणत होता. मामा धडपडत उठले, हात पुढं करून हवेत चाचपडत माझ्याकडे आले, माझा दंड धरला आणि घाईघाईनं मला काहीतरी म्हणाले.

मामा काय म्हणाले ते मी आत्ता लिहीत नाही.

*

चौकीत मला बाकावर बसवलं. त्या माणसाचं नाव अंगमुत्तू, हे तिथं कळलं. विनी मिसचा आणि आसपासच्या चार बंगल्यांचा माळी. मिसच्या घरी पाठवलेला शिपाई दाराला कुलूप बघून परत आला. त्याला मागच्या खोलीत नेलं. दार लावलं. पण दाराला आवाज अडवता येत नव्हते.

इन्स्पेक्टर तरुण होता, नुकता बदलून आलेला. त्यानं कडं खिडकीशी नेलं, भिंग लावलं, आणि आतल्या बाजूला, मामांच्या नखाच्या वाटेतच, कोरलेली अक्षरं त्याला दिसली. मीच घासून वर आणलेली. मामांना ती आठ वर्षांपूर्वी दिसली असणार, पण त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मला अक्षरं लावता यायची, पण दुकानात मी सिंहाच्या पुढं बघितलंच नव्हतं.

इन्स्पेक्टरनं ती मोठ्यानं वाचली. पंचनामा लिहायचा म्हणून दोन पंच बोलावले होते, एक समोरचा बेकरीवाला आणि एक पोस्टातला कारकून. त्यांच्यासमोर वाचली. विनीला, सिरिलकडून, आणि खाली एक तारीख, एकोणचाळीस सालची.

बेकरीवाल्यानं कारकुनाकडे बघितलं. गावात सिरिल एकच होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याची बायको हयात होती आणि त्याला पाच मुलं होती.

"हे पण लिहा," इन्स्पेक्टर म्हणाला.

मग माझा जबाब सुरू झाला. मागच्या खोलीतून एकदा काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. खुर्ची असेल, असं मला वाटलं.

मला विचारलं, त्यानं धमकी दिली का. मी सांगितलं, दार लोटलं, म्हातारा इथंच राहील म्हणाला. विचारलं, चांदी कुणाची ते तुम्ही कसं ओळखलंत. मी मामांच्या सांध्याचं सांगितलं. इन्स्पेक्टरनं पेन्सिल टेबलावर आपटत विचारलं, म्हणजे ही वस्तू तुमच्या माहितीतली होती. मग मुशीत टाकायची तयारी का चालली होती, शेगडी का पेटली होती? हा प्रश्न आमच्या पाव्हण्याला विचारलेलाच प्रश्न होता.

"तुम्ही गलाईवाले चोरांना बरोबर सामील असता," तो शांतपणे म्हणाला. "त्यानं काही सांगितलं का? हे कुठून आणलं, का आणलं? तुम्हाला, तुमच्या सासऱ्याला?"

*जबाब: सदर वस्तू कोठून आणली याबाबत इसमाने मला अगर माझ्या सासऱ्यांना काहीएक सांगितले नाही.*

हे खोटं आहे.

*

मामांनी दुकानात माझा दंड धरून म्हटलं होतं, "शालन, थांबीव त्यास्नी. मिसबाई मिशनच्या दवाखान्यात हाय. हात सुजला म्हणून तिथंच कापलंय कडं. तिनंच धाडलंय ह्येला. मी मिसबाईचं नाव घेतल्यावर ह्येनं मला समदं सांगितलं, खरं वाटतंय."

मी त्यांना म्हटलं होतं, "मामा, चोर असंच सांगतो."

चौकीत जबाब देताना ते शब्द माझ्या तोंडात होते. दवाखाना चौकीपासून मैलभर. एक शिपाई सायकलवर पाठवला असता तर वीस मिनिटांत कळलं असतं. पण मी म्हटलं असतं की त्यानं असं सांगितलं, तर इन्स्पेक्टर विचारणार होता, मग तुम्ही पोलिसांकडे का आलात, की आता पलटताय, की वाटा ठरला होता? मला संपत गावी असल्याची भीती वाटत होती, मामांना त्या मागच्या खोलीत नेतील याची भीती वाटत होती. अंगमुत्तूचं काय होतंय ते ऐकू येत होतं, आणि मला वाटत होतं की ते आवाज तिकडेच राहिलेले बरे.

मी नाही म्हटलं. लिहिणाऱ्यानं लिहिलं. मी सही केली.

अंगमुत्तूनं त्यांना पहिला तासभर काहीच सांगितलं नव्हतं, हे नंतर कळलं. त्यानं शब्द दिला होता. मग सांगितलं, तर मार वाचवायला सांगतोय असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी सहाला दवाखान्यातून चौकीला फोन आला. विनी मिस चार वाजता गेली. तिचा माळी सकाळी एका कामाला गेलाय, अजून परतला नाही, त्याला कोणी पाहिलंय का, असं नर्स विचारत होती. म्हातारी शेवटपर्यंत विचारत होती, झालं का म्हणून.

दुसऱ्या दिवशी नर्सनं मला समोर बसवून सगळं समजावलं, वर्गात समजावतात तसं. हाताला महिनाभर खाज आणि पुरळ, त्यावर गंधकाचं मलम. गंधकानं चांदी काळी पडते, तुम्हाला माहीत असेल. मग हात सुजला, कडं रुतलं. दवाखान्याच्या सुतारानं करवतीनं कापलं. जखम झाली तिथं लाल औषध लावलं. मिसनं माळ्याला सांगितलं की हे कुणाच्या नजरेला पडू देऊ नकोस, आतलं कोणी वाचू नये, डोळ्यांसमोर वितळव. आणि जो गोळा होईल तो तुझा.

"तुमच्याकडे वास येत नव्हता का गंधकाचा?" नर्सनं विचारलं.

मी म्हटलं, येत होता.

दफनाला मी गेले नाही. मामा गेले, एका ओळखीच्या मुलाचा हात धरून. परत येऊन त्यांनी सांगितलं की माणसं बरीच होती, पण वाजवायला कोणी नव्हतं. पाद्र्यानं तसंच उरकलं. सिरिल आजारी आहे असं कळवलं होतं. बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी आता ती दोन नावं होती.

अंगमुत्तूला सोडलं, पण कडं मुद्देमाल म्हणून जमाच राहिलं. ते आजही कुठल्यातरी कपाटात असेल, चिठ्ठी बांधून, आतली अक्षरं लख्ख.

*

मामा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "जाऊन ये त्याच्याकडं. मी आलो तर त्याला वाटंल दया यावी म्हणून म्हातारा आणलाय. एकलीच जा."

चहाच्या मळ्याखाली माळ्यांच्या चाळी होत्या. पत्ता विचारत गेले. सोबत केळी नेली होती, आणि काय बोलायचं ते तमिळमध्ये पाठ करून नेलं होतं, चार वाक्यं. खोलीच्या दारात एक चारेक वर्षांची मुलगी बसून पायातल्या पैंजणांशी खेळत होती. ती अंगमुत्तूची नात असावी.

तो आत खाटेवर होता. उजवा हात मनगटापासून खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये. चौकीत मोडली ती खुर्ची नव्हती.

मी दारात उभी राहिले तशी त्याची बायको चुलीपुढून उठून मागच्या दारातून बाहेर सरकली. आणि तो धिप्पाड माणूस खाटेवरून उतरला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि एका हातानं नमस्कार करू लागला. मोडलेला हातही वर आणायचा प्रयत्न करत होता. माझ्या मागे कोण आलंय ते बघत होता. मागे कोणी नव्हतं.

मी पाठ केलेलं पहिलं वाक्य बोलले. त्याला ते ऐकू आलं नसावं.

तो झटकन खाली बसला, नातीला ओढून घेतलं आणि डाव्या हातानं तिच्या पायांतले पैंजण काढू लागला. एका हातानं फिरकी उघडेना. मुलगी रडायला लागली. त्यानं दातांनी फिरकी धरली, पैंजण काढले, फळीवरच्या डब्यात हात घालून एक घडी केलेला कागद काढला, आणि पैंजण आणि कागद दोन्ही माझ्या हातावर ठेवले.

"आमचेच आहेत, अम्मा," तो म्हणाला. "पावती आहे. बघा, छाप बघा. धुऊन बघा."

मी कागद उघडला नाही. केळी खाली ठेवली आणि पैंजण परत घालायला मुलीच्या समोर बसले. तिनं दोन्ही पाय परकराखाली ओढून घेतले.